न दिसणारा श्रोता

(महाविद्यालयाच्या नभोवाणी केंद्रावर निवेदकाचे काम करीत असताना आलेला एक अनुभव लेखकाने या पाठात सांगितला आहे.)

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली एक लहानशी खोली होती. पूर्वी तेथे मोडकी बाके आणि फाटके नकाशे ठेवीत असत. २००९ साली मी पुण्यास शिकावयास आलो, तेव्हा त्या खोलीचे रूप पार पालटलेले होते. भिंतींना आतून स्पंज आणि गोणपाट लावलेले होते, एकुलती एक खिडकी कायमची बंद केलेली होती आणि दारावर एक तांबडा दिवा बसविलेला होता. तो दिवा लागला, की दारावरून जाणारी मुले आपोआप पाय न वाजविता चालू लागत. कारण त्या वेळी आत कोणीतरी बोलत असे आणि ते बोलणे आसपासच्या वस्तीत घरोघरी ऐकू जात असे. हेच आमच्या महाविद्यालयाचे नभोवाणी केंद्र. त्या खोलीत मी दोन वर्षे निवेदक म्हणून काम केले.

केंद्र तसे लहानच होते. आमच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी ५० वॉट, म्हणजे घरातील जुन्या पद्धतीच्या एखाद्या विजेच्या दिव्याला लागते तेवढीच. गच्चीवरील लोखंडी मनोऱ्यावरून आमच्या लहरी निघत. त्या दर सेकंदाला ९ कोटी ४ लक्ष कंपने पावत आणि प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर या गतीने, धावत. वेग एवढा प्रचंड. पण पल्ला मात्र आठ-दहा किलोमीटरांचा! या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि वाटेत टेकडी आली की अडतात. त्यामुळे टेकडीच्या अलीकडे आमचा आवाज स्वच्छ ऐकू येई आणि पलीकडे नुसती खरखर.

केंद्राची देखरेख आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक करीत. आम्ही सर्वजण त्यांना नुसते ‘सर’ म्हणत असू. नव्या मुलांना ते प्रथम मायक्रोफोन उघडून दाखवीत. “आपण बोललो की हवा कंप पावते,” ते सांगत. “त्या कंपनांनी हा पातळ पडदा हलतो. हालचालीची वीज होते, विजेची लहर होते आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रात लहरीची पुन्हा वीज, विजेची हालचाल आणि हालचालीचा आवाज होतो. एवढा सगळा प्रवास डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरा होतो. म्हणून मुलांनो, येथून गेलेला शब्द मागे बोलावण्यास वेळच मिळत नाही.”

विद्यार्थ्यांनी नभोवाणी चालविण्याची कल्पना कोठून आली, हेही ते मोठ्या आवडीने सांगत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९३६ साली जॉर्ज एब्रहॅम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्या तारांनी जोडल्या आणि आपल्या सोबत्यांसाठी गाणी व गप्पा ऐकविण्यास सुरुवात केली. पुढे त्या देशातील कितीतरी महाविद्यालयांनी त्यांचा कित्ता गिरविला. आपल्याकडेही त्याच सुमारास, १९३५ साली, म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक केंद्र सुरू केले होते. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले.

स्वतंत्र भारतात मात्र नभोवाणी दीर्घकाळ सरकारच्याच हाती होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले, की या लहरी म्हणजे साऱ्या जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील असे पहिले केंद्र सुरू झाले. २००५ साली पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ केंद्र निघाले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली आणि २००८ साली सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. “लहर जनतेची आहे,” सर म्हणत, “आपण केवळ तिचे राखणदार.” ही वाक्ये मी वहीत उतरवून घेतली, पण ती मनात उतरली नव्हती, हे मला पुढे कळून आले.

खरे सांगावयाचे, तर मी केंद्रावर गेलो होतो तो निराळ्याच हौसेने. शहरातील मोठ्या केंद्रांवरचे निवेदक चुरचुरीत बोलत, चित्रपटांतील नवी गाणी लावीत आणि स्वतःला ‘आरजे’ म्हणवून घेत. आपणही तसे व्हावे, आपल्या आवाजावर सारे गाव लुब्ध व्हावे, अशी माझी मनीषा होती. परंतु आमच्या केंद्रापाशी चित्रपटगीतांचे हक्क घेण्याइतके पैसे नव्हते. तेथे महाविद्यालयातील मुलामुलींची गाणी लागत, जवळच्या भजनी मंडळाचे अभंग लागत, डॉक्टरांची व शेतीतज्ज्ञांची भाषणे होत. आणि माझ्या वाट्याला कार्यक्रम आला तो ‘सूचनाफलक’! रोज सकाळी पावणेआठ वाजता पंधरा मिनिटे, पाणी कधी येणार नाही, लसीकरण कोठे आहे, कोणत्या परीक्षेचे अर्ज कधी भरावयाचे, एवढेच वाचावयाचे. माझा अगदी हिरमोड झाला.

पहिल्या दिवशी मात्र तांबडा दिवा लागताच माझ्या घशाला कोरड पडली. समोर ना माणूस, ना चेहरा. नुसता मायक्रोफोन आणि काचेपलीकडे यंत्राच्या सरकपट्ट्या वरखाली करणारी शेवटच्या वर्षातील एक ताई. कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, “हजारो लोकांशी बोलायला जाऊ नकोस. एक माणूस समोर बसला आहे असे समज आणि त्याच्याशी बोल. आणि एक लक्षात ठेव. कागद आत आणण्यापूर्वी दोनदा वाचायचा. एकदा डोळ्यांनी आणि एकदा मोठ्याने.”

पहिले काही दिवस मी हा नियम पाळला. पुढे सराव झाला आणि सरावाबरोबर बेफिकिरी आली. दोन महिन्यांत आम्हांस एका श्रोत्याचेही पत्र आले नव्हते की दूरध्वनी आला नव्हता. वर्गातील मित्र थट्टा करीत, “अरे, तुझा कार्यक्रम तू आणि तो मायक्रोफोन, दोघेच ऐकता!” मलाही ते पटू लागले. कोणी ऐकतच नसेल, तर कागद दोनदा वाचून करावयाचे काय? मी आठला पंधरा मिनिटे कमी असताना धावतपळत येई, टेबलावरील कागद उचली आणि थेट वाचू लागे.

ऑगस्ट महिन्यात एक सूचना आली. शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीच्या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्यांना एक अर्ज भरावा लागतो. लोक त्याला ‘सतरा नंबरचा अर्ज’ म्हणतात. त्या अर्जासंबंधीची ती सूचना होती. मी ती नेहमीप्रमाणे घाईघाईने वाचली आणि विसरूनही गेलो.

महिन्याच्या अठरा तारखेस सकाळी कार्यक्रम आटोपून मी दाराबाहेर ताईशी बोलत उभा होतो. इतक्यात जिन्यापाशी एक बाई येऊन थांबल्या. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या मावशींपैकी त्या एक होत्या. हाताला अजून पीठ लागलेले होते. कमरेला एक साधा मोबाईल फोन खोचलेला होता आणि त्याची तार एका कानात होती. त्या फोनवर तारेवाचून नभोवाणी लागत नसे. कारण ती तारच लहरी पकडण्याचे काम करी.

“दादा, सकाळी सूचना सांगता ते तुम्हीच ना?” त्यांनी विचारले. “आवाजावरून ओळखलं मी.”

मला कोण आनंद झाला! अखेर एक श्रोता मिळाला होता. मी ऐटीने म्हणालो, “हो, मीच. काय काम होतं, मावशी?”

“काम म्हणजे... तुम्ही सतरा नंबरचा अर्ज पंचवीस तारखेपर्यंत भरता येईल असं म्हणाला होता. काल मी शाळेत गेले, तर ते म्हणाले, तारीख पंधराच होती. आता दंडाचे पैसे जास्तीचे भरावे लागतील. म्हटलं, तुम्हांला एकदा विचारावं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली का.”

त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि त्यामुळेच मी अधिक गोंधळलो. “मी कागदावर होतं तेच वाचलं,” मी चटकन म्हणालो. “कागदावरच चुकीचं लिहिलं असेल.”

सर आत बसले होते. त्यांनी आमचे बोलणे ऐकले होते. त्यांनी मावशींना आत बोलावून खुर्ची दिली. प्रक्षेपित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, असा अशा केंद्रांसाठी नियम आहे. सरांनी त्या दिवसाचे ध्वनिमुद्रण शोधून लावले आणि सूचनेचा मूळ कागद माझ्या हाती दिला. माझाच आवाज मला ऐकू येऊ लागला. “अर्ज भरण्याची शेवटची तारीख पंचवीस ऑगस्ट ही आहे.” मी कागद पाहिला. त्यावर स्वच्छ अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘शेवटची तारीख १५ ऑगस्ट’ आणि तिच्या खाली ‘विलंब शुल्कासह २५ ऑगस्ट’. घाईत माझी नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरली होती. चूक कागदाची नव्हती. माझी होती, आणि ती मी क्षणापूर्वी दुसऱ्याच्या माथी मारली होती. मला मान वर करवेना.

मावशी सांगू लागल्या, “नववीत असताना माझं लग्न झालं. आता धाकटी मुलगी सातवीत आहे. ती म्हणते, आई, तू पण परीक्षा दे. पैसे जमवत होते. पंचवीसपर्यंत वेळ आहे म्हणून जरा थांबले, एवढंच.”

विलंब शुल्क त्यांच्या दोन दिवसांच्या कमाईएवढे होते. “मावशी, ते पैसे मी भरतो,” मी म्हणालो. मला वाटले, चूक एवढ्याने फिटेल.

त्यांनी मान हलविली. “पैसे नकोत, दादा. ते मी भरीन. पण आणखी कुणी ऐकलं असेल, त्यांना खरं काय ते सांगा. माझ्यासारखं अजून कोणी पंचवीसची वाट बघत बसलं असेल, आणि त्या दिवशी जादा पैसे घेऊन गेलं नाही, तर त्याचं वर्षच जायचं.”

ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी फक्त समोर आलेल्या श्रोत्याचा विचार करीत होतो. न आलेल्या श्रोत्यांचा विचार त्यांनी केला होता.

मावशी गेल्यावर सरांनी विचारले, “उद्या काय सांगशील?”

“बरोबर तारीख वाचीन,” मी म्हणालो.

“नुसती बरोबर तारीख वाचलीस, तर ज्याने पहिली तारीख ऐकली आहे, त्याने कोणती खरी मानावी? आधी काय चुकले ते सांगावे लागेल, मग बरोबर काय ते, आणि मग आता काय करता येईल ते. आणि चूक कोणाची हेही.”

त्या रात्री मी चार ओळींचा मजकूर दहा वेळा लिहिला आणि खोडला. ‘काही तांत्रिक कारणामुळे’ असे शब्द लेखणीच्या टोकाशी पुनःपुन्हा येत होते. ते लिहिले असते, तर कोणी मला विचारलेही नसते. पण मावशींचा पीठ लागलेला हात डोळ्यांसमोर येई आणि मी ते शब्द खोडून टाकी.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी केंद्रावर गेलो. कागद एकदा डोळ्यांनी वाचला, एकदा मोठ्याने वाचला. तांबडा दिवा लागला. पहिल्या दिवसाप्रमाणेच घशाला कोरड पडली. मी म्हणालो, “या कार्यक्रमात मी सतरा नंबरच्या अर्जाची शेवटची तारीख पंचवीस ऑगस्ट अशी सांगितली होती. ते चूक होते. खरी तारीख पंधरा ऑगस्ट होती. कागदावर ती बरोबर होती. वाचताना मी चूक केली. ज्यांचा अर्ज राहिला आहे, त्यांना विलंब शुल्क भरून पंचवीस ऑगस्टपर्यंत अर्ज करता येईल. माझ्या चुकीमुळे ज्यांना त्रास झाला, त्यांची मी क्षमा मागतो.” ही दुरुस्ती मी पंचवीस तारखेपर्यंत रोज वाचली. दररोज तेच शब्द उच्चारताना लाज वाटे. पण दररोज ती थोडी कमी होई.

त्या आठवड्यात चार माणसे केंद्रावर चौकशीस आली. एक पहारेकरी आपल्या मुलीसाठी आला होता. एक मुलगी शिवणकामाच्या दुकानातून आली होती. दोघे भाऊ भाजीची हातगाडी दाराशी उभी करून आत आले होते. ज्यांना मी ‘कोणी नाही’ असे समजत होतो, ते हे होते. ते पत्र लिहीत नव्हते, दूरध्वनी करीत नव्हते. पण पोळ्या लाटताना, पहारा करताना, यंत्रावर कापड शिवताना ते ऐकत होते आणि ऐकलेल्या शब्दावर विसंबून आपले दिवस आखीत होते.

पुढे मावशींनीच आम्हांस एक नवे काम सुचविले. दुपारी अडीच वाजता त्यांचे स्वयंपाकघर रिकामे होई. त्या वेळी दहावीचे धडे वाचून दाखवाल का, असे त्यांनी विचारले आणि आमची ‘दुपारची शाळा’ सुरू झाली. मराठी आणि इतिहास वाचणे सोपे होते. भूमितीपाशी मात्र आमची खरी परीक्षा झाली. आकृती न दाखविता त्रिकोण शिकवावयाचा कसा? “एक कागद घ्या. डाव्या बाजूला खाली एक टिंब काढा. त्याला ‘क’ म्हणा,” अशी सुरुवात करून आम्ही आवाजाने आकृती काढण्यास शिकलो. एखादा शब्द मागेपुढे झाला, तर ऐकणाऱ्याच्या कागदावर त्रिकोणच उरत नसे! त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्ही आधी एकमेकांवर करून पाहत असू. एकजण वाचे आणि दुसरा डोळे मिटून ऐके व मग काढे.

२०११ सालच्या मार्चमध्ये मावशी परीक्षेस बसल्या. गणित राहिले. त्यांनी ते ऑक्टोबरच्या परीक्षेत सोडविले. निकालाच्या दिवशी त्या गुणपत्रिका घेऊन जिन्याखालच्या खोलीत आल्या, तेव्हा तांबडा दिवा लागलेला होता. कार्यक्रम संपेपर्यंत त्या दाराबाहेर पाय न वाजविता उभ्या राहिल्या.

ते महाविद्यालय सोडून मला आता पुष्कळ वर्षे झाली. आज नभोवाणी केंद्राची गरजही उरलेली नाही. हातातल्या लहानशा फोनवरून कोणीही क्षणात शेकडो लोकांना निरोप पाठवू शकतो. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून निघालेला शब्द परत येत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. तो शब्द आता तोंडातून निघो वा बोटांतून, त्याच्या टोकाशी कोणीतरी माणूस असतो आणि तो आपणांस बहुधा दिसत नाही. म्हणून काही पाठविण्यापूर्वी मी अजूनही ते दोनदा वाचतो, एकदा डोळ्यांनी आणि एकदा मोठ्याने.

स्वाध्याय

१. नभोवाणीच्या लहरींचा वेग प्रचंड असूनही लेखकाच्या केंद्राचा आवाज टेकडीपलीकडे का पोहोचत नसे?

२. “लहर जनतेची आहे, आपण केवळ तिचे राखणदार,” असे सर का म्हणत? लेखकाला या वाक्याचा अर्थ केव्हा कळला?

३. लेखकाने पैसे देऊ केले असता मावशींनी ते का घेतले नाहीत? त्यांनी त्याऐवजी काय मागितले?

४. नुसती बरोबर तारीख वाचणे पुरेसे नाही, हे सरांनी कसे पटवून दिले?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : कित्ता गिरविणे, हिरमोड होणे, माथी मारणे, घशाला कोरड पडणे.

६. आकृती न दाखविता, केवळ बोलून, आपल्या मित्राकडून कागदावर एक चौकोन व त्याचे दोन कर्ण काढून घ्या. त्यासाठी वापरलेली वाक्ये वहीत लिहा.